अंगारकीचं आमंत्रण

जैतूनखाला बांगड्या भरायला बसली की आधी मुलीचा हात हातात घेऊन नुसता दाबत बसते. अंगठ्याच्या मुळाशी, मग करंगळीच्या बाजूनं. माप घ्यायला तिला वेगळं काही लागत नाही. "सव्वादोन," म्हणते, आणि सव्वादोनच निघते. मग ती मुलीला काहीतरी विचारते. सासर कुठलं, नवरा काय करतो, काल डब्यात काय नेलं होतंस. मुलगी उत्तर द्यायच्या नादात हात सैल सोडते आणि तेवढ्यात बांगडी मनगटावर जाऊन बसते. तीन-चार बांगड्या चढल्या तरी मुलीला कळत नाही. खालाची सगळी विद्या ती एवढीच. साबण नाही, तेल नाही. बोलणं.

सतराव्या वर्षी ती मणियारांच्या, बांगडीवाल्यांच्या घरात लग्न होऊन आली, आज सहासष्टची आहे. नवरा गेल्यावर बांगड्यांचा पेटारा तिनंच उचलला. गावाचं नाव मी लिहीत नाही. खालापूरहून कर्जतच्या रस्त्याला लागलं की आत वळायचं, एवढं पुरे. माणसं अजून तीच आहेत आणि रोज समोर येतात. खाला माझ्या नवऱ्याची मावशी, पण आमचा सगळा मोहल्ला तिला खाला म्हणतो आणि वरचं गाव, म्हणजे हिंदू वस्ती, जैतूनमावशी.

आमच्या भागात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला हिरवा चुडा भरतात. भरून झाला की नवरी भरणारीच्या पाया पडते आणि तिच्या पदरात तांदूळ-नारळ घालते. वरच्या गावात पंचेचाळीस वर्षं हा मान खालाचा. जयवंताबाईंच्या घरात तर तिनं दोन पिढ्यांचे हात भरले होते. स्वतः जयवंता, मग तिची थोरली सून सुरेखा, दोघींची माहेरं गावातलीच. आता सुरेखाची मुलगी रिया उरली होती, आणि रियाचं लग्न माघात ठरलं होतं.

दिवाळीनंतर मोबाईलवर एक व्हिडिओ फिरायला लागला. कुठल्यातरी लांबच्या गावातला. एका बांगडीवाल्याला लोक मारतायत आणि खाली लिहिलंय की हे लोक बांगड्या भरता भरता आपल्या मुलींची माहिती काढतात. सासर विचारतात, नंबर विचारतात. त्याच्याखाली कोणीतरी लिहिलं, आपल्या गावातपण हेच चाललंय, चुडा आपल्याच माणसाकडून भरा. हे वरच्या गावाच्या ग्रुपवर टाकलं ते जयवंताच्या धाकट्या मुलानं, निलेशनं. रियाचा काका. टेंपो चालवतो. लहान असताना जत्रेत हरवला तेव्हा खालाच्याच पेटाऱ्यावर बसून रडलेला.

महिन्याभरात तीन घरांनी खालाला सांगितलं, मावशी, यंदा राहू द्या. चौथ्या घरानं सांगितलंही नाही, नुसतं दार लोटून घेतलं. त्या दिवशी खाला घरी आली ती पेटारा न उघडता बसून राहिली.

"मी विचारते ते काय माहिती काढायला विचारते?" तिनं मला विचारलं. "हात कडक धरला की काच फुटते गं. म्हणून विचारते."

आणि दुसऱ्या बाजूनं आमच्याच मोहल्ल्यातला तन्वीर होता. साजगावला कारखान्यात कामाला. दीड-दोन वर्षांपूर्वीपर्यंत गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळायचा, मग मोबाईलवर कुणाकुणाची भाषणं ऐकायला लागला आणि सगळं बदललं. मोहल्ल्यात कोण कुणाकडे जेवतं, कोण प्रसाद घेतं, याच्यावर त्याची नजर. चैत्रात गावदेवीला खालाच्या घरून हिरव्या बांगड्या जातात, ते तर त्याला सहनच होत नव्हतं.

"बरं झालं खाला," तो अंगणात उभा राहून म्हणाला. "त्यांनी स्वतःच दार बंद केलं. आता तरी घरी बसा. गुनाह से बच गयी."

"तू आणि निलेश एकाच मास्तरकडे जाता काय रं?" खाला म्हणाली. "तो पण हेच सांगतो, घरी बस."

रियाच्या चुड्याचं काय, हे खालासमोर कोणी काढत नव्हतं. जयवंता म्हणत होती जैतूनच भरणार. निलेश म्हणत होता खोपोलीहून बाई आणू. जयवंताचं दार बंद झालं की बाकीचं गावही दारं लावून घेणार, हे खालाला माहीत होतं आणि मलाही.

गाव असं फाटत चाललेलं आमच्या जमातीलाही दिसत होतं. मशिदीचा कारभार बघणाऱ्या या जमातीचे अध्यक्ष दाऊदमियां, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी बैठक बोलावली. मशिदीत काय काय लपवलंय म्हणून वरच्या गावात रोज नवीन काहीतरी उठतं, तर दारं उघडू आणि सगळ्यांना बोलावू, असं ठरलं. या, बघा, विचारा, दोन घास खा. तन्वीरनं विरोध केला पण चालला नाही. तारीख ठरली सहा जानेवारी, मंगळवार, कारण बऱ्याच पुरुषांच्या कारखान्याला मंगळवारी सुट्टी. दुपारी दोन ते चार. व्हेज पुलाव आणि शिरखुर्मा.

आमंत्रणाची चिठ्ठी मी लिहिली. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी शाळेत, अक्षर बरं आहे, म्हणून असली कामं माझ्याकडे येतात. "सर्व ग्रामस्थ बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार" इथपासून "दुपारच्या जेवणास अवश्य यावे" इथपर्यंत मी मन लावून लिहिलं. माझा नवरा झेरॉक्स काढून घरोघर वाटून आला.

रविवारी सकाळी खाला चिठ्ठी हातात घेऊन माझ्या दारात आली. तिला वाचता येत नाही, पण आकडे येतात.

"ही सहा तारीख कोणी काढली?"

"जमातीनं. का?"

"अंगारकी हाय गं त्या दिवशी."

मंगळवारची संकष्टी. वर्षातून एखाद-दोनदा येते. त्या दिवशी वरच्या गावात पुरुषसुद्धा उपास धरतात आणि अर्धं गाव पहाटे चालत महडच्या गणपतीला जातं. रात्री चंद्र दिसेपर्यंत कोणी अन्न खात नाही. आणि आम्ही त्यांना त्याच दुपारी मशिदीत पुलाव खायला बोलावलं होतं. सुरेखा आणि मी खालापूरच्या शाळेत एका बाकावर बसायचो. तिच्या डब्यातली उपासाची खिचडी मी किती चतुर्थ्या खाल्ली असेल. पण लिहिताना माझ्या मनात आलं नाही. भिंतीवर मशिदीचं कॅलेंडर, त्यात चतुर्थी नसते. खालाच्या घरी मात्र पंचांगाचं कॅलेंडर असतं. कुठल्या दिवशी कोण बांगड्या भरतं, कोण भरत नाही, कुणाचा कुठला उपास, याच्यावर तिचं पोट चालतं. तिला विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. पण बैठक पुरुषांची.

दुपारपर्यंत निलेशनं चिठ्ठीचा फोटो ग्रुपवर टाकला. माझं अक्षर, आणि खाली लिहिलेलं, "अंगारकीला उपास मोडायला बोलावतायत. ओळखा." संध्याकाळी हवालदार येऊन गेले. नीट जमणार असेल तर करा, नाहीतर राहू द्या, म्हणाले. जमातखान्यात सगळे गोळा झाले. तन्वीरचा आवाज गल्लीपर्यंत येत होता. "मैं बोला था ना? अब कॅन्सल करो. परत बोलवायचं नाही कुणाला."

खाला जमातखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली. तिथे बायका जात नाहीत. तिच्या मागे मी, पदर दाताखाली धरून. आतला आवाज थांबला.

"रद्द केलं तर निलेशचं खरं ठरंल," खाला म्हणाली. "म्हणतील, पकडले गेले म्हणून पळाले. चूक झाली तर चूक म्हणून सांगायची. मी जाते सांगायला."

"तुम्ही कशाला?" दाऊदमियां म्हणाले.

"तुमच्यातलं कोण त्यांच्या ओट्यावर बसलंय कधी?"

आम्ही दोघी अंधार पडायच्या आत वरच्या गावात गेलो.

जयवंता ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. "ये जैतून," म्हणाली, पण तिचं लक्ष अंगणाकडे होतं. तिथे निलेश टेंपो धूत होता. त्यानं नळ बंद केला नाही.

खाला उभ्यानंच बोलली. "निलेश, चिठ्ठी तू टाकलीस ना?"

"टाकली. खोटी हाय का?"

"खरी हाय. आमची चूक झाली ती सांगायला आले."

"चूक? अख्ख्या वर्षात नेमका त्योच मंगळवार सापडला?"

"कारखान्याला सुट्टी म्हणून. पुरुषांनी पुरुषांची सोय बघितली. मशिदीच्या कॅलेंडरात चतुर्थी नसते रं. माज्याकडं असते, पण मला कोण विचारतंय?"

जयवंता एकदम हसली. "आमच्यात तरी कुठं विचारत्यात? रियाच्या लग्नाची तारीख काढली, ती मला सांगितली. विचारली नाय."

"आये, तू गप बस गं," निलेश म्हणाला. "मग आता काय, रद्द?"

"पुलाव रद्द. दार उघडंच राहील. उपासाचं काय चालंल ते जयवंता सांगंल."

जयवंतानं शेंगांचं सूप खाली ठेवलं. "तुमच्या टोपात मटण शिजतं. त्यातलं उपासाला कोण खानार? साबुदाणा तुमी आणा, दाणे तुमी आणा. टोप आनि हात आमचे. महडवरून येताना वाटंतच हाय मशीद."

"तू मशिदीत जानार?" निलेशनं नळ बंद केला.

"का? नाय म्हनतोस?"

"मी पन येनार. मोबाईल घेऊन. काय काय हाय ते सगळ्यांना दाखवनार."

"ये की," खाला म्हणाली. "लवकर ये."

परत येताना मी तिला विचारलं, रियाच्या चुड्याचं का नाही काढलंत? ती म्हणाली, "चूक कबूल करायला गेलेलो. त्यातच मागणं घातलं तर कबुली खोटी पडते."

मंगळवारी मशिदीचं अंगण दोनदा धुतलं. सतरंज्या टाकल्या. दोन वाजले, कोणी आलं नाही. अडीच वाजले. रस्त्यावरून महडहून परतणारे लोक कपाळाला गुलाल लावून चालले होते, आत बघत होते, थांबत नव्हते. तन्वीर फाटकाला टेकून उभा. दर थोड्या वेळानं घड्याळ बघायचा आणि दाऊदमियांकडे बघायचा. मी ओढणीखाली दुरूद, पैगंबरांवरची प्रार्थना, पुटपुटत होते. खाला एका जागी बसून दाणे निवडत होती. निवडलेलेच दाणे परत निवडत होती.

पावणेतीनला जयवंता आली. डोक्यावर टोप, मागे सुरेखा, रिया आणि आणखी सात-आठ बायका. त्यांच्यामागे निलेश आणि त्याचे तिघे मित्र, मोबाईल चालू. अंगणात चूल मांडलेली होती, पण जयवंता तिकडे गेली नाही.

"आधी बघू दे तरी काय हाय आत," ती म्हणाली. "चल जैतून, दाखव."

खाला जागची हलली नाही.

"अगं चल की."

"मी कधी आत गेले नाय गं," खाला म्हणाली.

"म्हंजे?"

"बायका घरी पढतात. इथं नाय येत."

निलेश मोठ्यानं हसला. मोबाईल त्यानं खालाच्या तोंडासमोर धरला. "ऐका! गावाला आमंत्रण वाटत्यात आनि घरची बाई पन्नास वर्षं बाहेर! आधी तिला घ्या आत, मग आमाला बोलवा."

ते बोलणं टोमणा म्हणून होतं, पण खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. तन्वीर फाटकावरून पुढे आला. "औरतें अंदर नहीं जाएंगी. यह तमाशा बंद करो." निलेशचा एक मित्र त्याच्याकडे वळला. दोघांच्या छातीत वीतभर अंतर राहिलं असेल. मला वाटलं, आता हात उठणार, आणि उद्या मोबाईलवर लोक जो व्हिडिओ बघतील तो आमच्या गावाचा असेल.

दाऊदमियां मध्ये येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "तन्वीर, बाजूला हो. पैगंबर हुजूरांच्या मशिदीत बायका नमाजला यायच्या. आपण आपल्या सोयीनं विसरलो." मग खालाकडे न बघता म्हणाले, "जैतूनबी, वजू करा आणि पाहुण्यांना आत न्या."

खालानं हौदावर वजू केला. जयवंतानंही तिचं बघून हातपाय धुतले. दोघी एकमेकींचा हात धरून पायरी चढल्या, आणि कोण कुणाला धरून चाललंय ते कळत नव्हतं. आम्ही मागून. आत काय, चटया, भिंतीला पाच वेळांची घड्याळं, एका कोनाड्यात कुराणाच्या प्रती, प्रवचनासाठीचा तीन पायऱ्यांचा मिंबर. निलेशनं मिंबरच्या मागे बघितलं, चटई उचलून बघितली, कपाट उघडायला सांगितलं. कपाटात खराट्याच्या काड्या आणि एक बिघडलेला पंखा होता.

"एवढंच?" जयवंता म्हणाली.

"मलाबी आत्ताच कळतंय," खाला म्हणाली.

"आनि देव कुठं हाय?"

"आमचा दिसत नाय."

जयवंतानं जरा विचार केला. "आमचा तरी कुठं दिसतो गं. शेंदूर दिसतो." आणि तिनं भिंतीला हात जोडले. खाला तशीच उभी होती. तिचे ओठ हलत होते, डोळे भरले होते. पन्नास वर्षं जिची अजान रोज पाच वेळा ऐकली, ती जागा तिनं एका अंगारकीला, गणपतीचा गुलाल लावलेल्या बाईच्या हाताला धरून बघितली.

खिचडी झाली. उपासवाल्यांनी जयवंताच्या टोपातली खाल्ली, आम्हीही तीच खाल्ली. निलेशनं खाल्ली नाही. त्याचे मित्र खाऊन गेले. रात्री त्यानं ग्रुपवर काहीच टाकलं नाही, ना बरं ना वाईट. ते गप्प बसणं मला टाकण्यापेक्षा जड वाटलं.

मग माघ उजाडला. लग्नाच्या दोन दिवस आधी सुरेखा आली. "भरायला ये म्हणून सांगितलंय आईंनी. पन भाऊजींची अट हाय. मांडवात, सगळ्यांसमोर. आनि ते व्हिडिओ घेनार."

"मी कधी लपून भरला चुडा?" खाला म्हणाली. पण त्या दिवशी ती जेवली नाही.

मांडवात पाट मांडला होता. बायका भोवती, पुरुष कडेनं. रिया समोर बसली. निलेश दोन्ही हातांत मोबाईल धरून उभा. खालानं रियाचा हात हातात घेतला, दाबला. "सव्वादोन," एवढं म्हणाली आणि पुढे गप्प. सासर नाही, नवरा नाही, काही विचारलं नाही. विचारते म्हणून तर हे सगळं झालं होतं. ती तोंड मिटून बांगड्या चढवत होती, आणि रिया सगळ्यांच्या नजरेनं आवळून बसली होती. दुसरी बांगडी चढली. तिसरीला रियानं ओठ चावले. चौथी हाडावर आली आणि कट् असा आवाज झाला.

बांगडी फुटली. नवरीच्या चुड्यातली बांगडी. रियाच्या मनगटावर रक्ताचा एक थेंब आला. मागून एक बाई हळूच म्हणाली, "बघ, सांगितलं व्हतं." खालानं पदरानं रक्त टिपलं, तुकडे वेचून पेटाऱ्याच्या झाकणात ठेवले. नवीन बांगडी उचलली आणि तशीच हातात धरून राहिली. ती आता उठणार, असं मला वाटलं. उठली असती तर परत त्या गावात कधीच गेली नसती.

"काका, तो मोबाईल ठेव," रिया म्हणाली. "त्यांचे हात थरथरतायत."

निलेशनं मोबाईल खाली केला, पण बंद केला नाही. पुतणीच्या मनगटाकडे बघत राहिला, मग खालाच्या मिटलेल्या तोंडाकडे. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी, सुरेखावहिनीच्या चुड्याला, हाच मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. तेव्हा खाला काय काय बोलली होती ते त्याला आठवलं असावं.

"मावशी," तो म्हणाला. चार महिन्यांत तो शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा आला. "अशा मुक्या नका भरू. वैनीच्या येळंला बोलत व्हता तसं बोला तिच्याशी. इचारा काय इचारायचं ते."

खालानं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मग परत रियाचा हात दाबला.

"सासर कुठलं गं तुजं?"

"शेलू."

"शेलूला घर की बिल्डिंग?"

"बिल्डिंग. चौथा माळा."

"लिफ्ट हाय का रोज चढायचं?"

"हाय, पन बंदच असते," रिया म्हणाली आणि हसली. तोपर्यंत बांगडी मनगटावर गेली होती.

चुडा भरला. रिया पाया पडली. जयवंतानं तांदूळ-नारळ आणून तिच्या हातात दिला आणि रियानं तो खालाच्या पदरात घातला. खालानं तिच्या डोक्यावर हात ठेवून दुआ केली, ती मला ऐकू आली नाही. निलेश पेटारा उचलून फाटकापर्यंत आला, तिथे खाली ठेवला आणि काही न बोलता परत गेला.

बंद झालेल्या चार घरांपैकी दोन उघडली, दोन अजून बंद आहेत. तन्वीर खालाशी बोलत नाही. मशिदीच्या कचेरीत मात्र आता दोन कॅलेंडरं लागली आहेत, आणि जमातीला कुणाला बोलवायचं असलं की दाऊदमियां आधी माझ्या नवऱ्याला पाठवतात. "जैतूनबीला विचारून ये," म्हणतात. खाला त्याला बसवते, दाणे निवडता निवडता सगळं ऐकून घेते, मग भिंतीकडे बघते.

"गुरुवार नको," म्हणते. "मार्गशीर्ष हाय."